मिठागरावरचे बंदर

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणारा हा कारखाना. त्या निमित्ताने त्याला तीन आठवडे कोरियातल्या उल्सानला धाडले होते. दिवाळीत तो रहिमतपूरला आला आणि आल्याचा चहा घेता घेता फोनवरची चित्रे दाखवू लागला. कारखान्याला लागूनच धक्का. मोटार तयार झाली की स्वतःच्या चाकांवर थेट जहाजाच्या पोटात. ‘‘मामा, आपल्याकडे असं का नाही झालं?’’ त्याने विचारले.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा प्रश्नाचे उत्तर आकड्यांत द्यायची खोड असते. पण आधी उल्सानविषयी थोडे सांगायला हवे. कोरियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, थेह्वा नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव. आत शिरलेला खोल उपसागर, पाठीशी डोंगर. शेती, मासेमारी आणि देवमाशांची शिकार हे इथले जुने उद्योग; जवळच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेले देवमासे आजही दिसतात. १९६२ मध्ये पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने ही जागा उद्योगनगरीसाठी मुक्रर केली आणि तेलशुद्धीकरण, खत, मोटारी, जहाजे असे एकेक येत गेले. जहाजबांधणीच्या कारखान्याचा किस्सा मला फार आवडतो. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग कर्ज मागायला इंग्लंडला गेले, तेव्हा गोदी बांधायची होती ती जागा म्हणजे नुसता किनारा होता. अनुभव काय, असे विचारल्यावर त्यांनी खिशातून पाचशे वॉनची नोट काढली आणि तिच्यावरचे सोळाव्या शतकातले कोरियन लढाऊ जहाज दाखवले, असे सांगतात. माझ्या टेबलावर तो प्रस्ताव आला असता, तर मी ‘तारण?’ एवढा एकच शब्द लिहून परत पाठवला असता.

चित्रांत न दिसणारी बाजूही आहे. उल्सानला लागून ओन्सान नावाची धातू गाळणाऱ्या कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९८०च्या दशकात तिथल्या रहिवाशांची हाडे-सांधे दुखू लागले. शेवटी सरकारने वस्त्याच्या वस्त्या हलवल्या. थेह्वा नदीत मासे मरत. पुढे शहराने ती नदी पैसा आणि चिकाटी ओतून स्वच्छ केली, हेही खरे.

भाच्याला मी म्हटले, ‘‘आपल्याकडे झालं की. त्या वेळी मी तिथंच होतो.’’

१९८८ साली माझी बदली उरण तालुक्यात झाली. सातारा जिल्ह्यातला माणूस. समुद्र पाहिलेला तो गेटवेवरून. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरायचे आणि पुढे एस.टी. मुंबईच्या जुन्या गोद्या कंटेनरच्या जमान्याला अपुऱ्या पडत होत्या, पाठीमागे शहराची गर्दी. समोरच्या काठावर न्हावा आणि शेवा ही गावे, घारापुरी बेटाचा आडोसा आणि मोकळी जमीन. कागदावर मोकळी. प्रत्यक्षात तिथे मिठागरे होती, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भाताची खारजमीन होती आणि खाडीत कोळ्यांची जाळी होती. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले आणि त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले.

मी गेलो तेव्हा जानेवारी १९८४ च्या गोळीबाराला चारच वर्षे झाली होती. नव्या मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासईच्या परिसरात रस्त्यावर उतरले होते आणि पाच जण मारले गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावात कुणाकडे चहाला बसलो की दहाव्या मिनिटाला तो विषय निघायचा.

आमच्या शाखेत भरपाईचे चेक येत. एक म्हातारे खातेदार होते, त्यांचे नाव लिहीत नाही. चेक हातात धरून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘‘साहेब, खाचरात भात उगवतं. ह्या पुस्तकात काय उगवंल?’’ मी त्यांना दहा टक्के व्याज समजावून सांगितले, ठेवीची पावती लिहून दिली. मार्चअखेर जवळ आली होती, ठेवींचे उद्दिष्ट गाठायचे होते. माझा सल्ला त्यांच्यासाठी होता की शाखेच्या ताळेबंदासाठी, हे मी आजवर स्वतःशीही नीट ठरवू शकलेलो नाही. वर्ष-दीड वर्षात थोरल्याने पावतीवर कर्ज काढून टेम्पो घेतला, धाकट्याने लग्न वाजतगाजत केले. पावती मोडायला म्हातारे स्वतः आले तेव्हा मी पाणी मागवले. दुसरे काय करणार?

शेव्याजवळच्या हनुमान कोळीवाड्याची कथा तर अजून संपलेली नाही. बंदरासाठी ते गाव उठवून उरणजवळ बोरी-पाखाडीला वसवले आणि तिथे घरांना वाळवी लागली. दारे-चौकटी पोखरल्या गेल्या. दुसऱ्या पुनर्वसनासाठी ही माणसे काही दशके भांडत आहेत. बंदरात येणाऱ्या जहाजांची वाट अडवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. समोरच्या घारापुरीवरच्या लोकांनी या बंदराचे दिवे रात्रभर पाहिले, पण त्यांच्या घरात विजेचा तारेवरचा दिवा लागला तो २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर.

म्हणून बंदर नकोच होते, असे मी म्हणणार नाही. २०२४-२५ या एका वर्षात तिथे ७० लाखांहून अधिक कंटेनर-एककांची चढउतार झाली. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातली, तासगावची द्राक्षे शीतपेटीतून युरोपला जातात ती न्हावाशेव्याहूनच. आणि आपण सातारकर विस्थापनाला नवखे थोडेच आहोत? कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली कितीतरी माणसे रायगड-ठाण्यात नेऊन वसवली. आपल्या खोऱ्यातून उठलेला माणूस तिथे गेला आणि तिथला माणूस बंदरासाठी उठला.

आता पालघर जिल्ह्यात वाढवणची पाळी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. खर्च ७६,२२० कोटी रुपये. किनाऱ्याजवळच पाण्याला सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली, हे त्याचे मोठे बलस्थान. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये होकार दिला. मच्छीमारांचा विरोध मात्र सुरूच आहे. त्यांच्यापुढची अडचण उरणकरांपेक्षा बिकट आहे. शेताला सातबारा असतो, समुद्राला नसतो. ज्या पाण्यात आजोबाने जाळे टाकले त्या पाण्यावर नातवाचा हक्क कोणत्या कागदाने सिद्ध करायचा? आम्हा बँकवाल्यांनीही नाव आणि गट नंबर नसलेल्या मालमत्तेवर कधी दमडी दिली नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, त्या म्हाताऱ्यांना तुम्ही काय सांगायला हवं होतं?’’

मी कप खाली ठेवला. ‘‘व्याज नको, गाळा मागा. बंदराच्या दारातला, तुमच्या नावावरचा, विकता न येणारा.’’

‘‘दिला असता?’’

‘‘मागितलाच नाही ना कुणी,’’ मी म्हणालो, ‘‘आणि सुचवलाही नाही.’’