कवच हवंच, पण वायर कोणी मोजली?

बालासोरच्या रेल्वे अपघाताचा विषय निघाला की आपण पहिलं विचारतो, "तिथे कवच का नव्हतं?" प्रश्न रास्त आहे, पण त्या संध्याकाळी कवच असतं तरी अपघात टळला नसता. लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीला कवच थांबवतं. २ जून २०२३ रोजी बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल हिरवाच होता. सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता आणि तिथे लोहखनिजाची मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली.

सिग्नल खोटं कसा बोलतो? एरवी तो बोलत नाही, कारण रिलेमधून वीज वाहत असेल तरच हिरवा दिवा लागतो. वायर तुटली, वीज गेली, की रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाड्या खोळंबतात, आपण वैतागतो, पण जिवंत राहतो. या रचनेला धोका एकच: जिथे वीज यायला नको तिथे ती आडवाटेने पोचली तर. तुटलेली वायर त्रास देते. चुकीच्या जागी जोडलेली वायर जीव घेते.

तुम्ही लंडनमध्ये राहत असाल तर क्लॅपहॅम जंक्शनवरून कितीदा तरी गेला असाल. तिथे १९८८ च्या नोव्हेंबरात नवं वायरिंग झालं. जुनी वायर कापून काढायची राहिली, तिचं एक टोक जोडलेलंच होतं. पुढे शेजारी काम करताना ती हलली आणि जुन्या जागी टेकली. १२ डिसेंबरच्या सकाळी रुळावर गाडी उभी असतानाही मागचा सिग्नल लाल झाला नाही. ३५ जण दगावले. अँथनी हिडन यांच्या चौकशीत कळलं की त्या तंत्रज्ञाने १३ आठवड्यांत एकच सुट्टी घेतली होती, आणि काम झाल्यावर दुसऱ्या कोणी वायर मोजल्याच नव्हत्या.

आता बहानगा. फाटकाच्या अडसराचं काम, त्याआधी काही वर्षांपूर्वी केलेले बदल, चुकीच्या चिठ्ठ्या, नकाशाशी न जुळणारी जोडणी. मला खरा अस्वस्थ करतो तो पुढचा मुद्दा. मे २०२२ मध्ये त्याच खरगपूर विभागात, बांकरा नयाबाज स्टेशनात, चुकीच्या वायरिंगचा असाच प्रकार घडला होता. कोणी मेलं नाही, म्हणून बातमीही झाली नाही. तेव्हाच धडा घेतला असता तर बहानगा घडलं नसतं, असं रेल्वे सुरक्षा आयुक्तांचाच अहवाल म्हणतो. हे आपल्याला कळलं वर्तमानपत्रांतून तुकड्यातुकड्यांनी, कारण सीबीआय चौकशीचं कारण सांगून रेल्वेने तेव्हा अहवाल जाहीर केला नाही.

इंग्रज फार शहाणे असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉटर्लूला नको तिथे केलेल्या जोडणीमुळेच सांध्याची खरी स्थिती लपली आणि गाडी धडकली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण तिथल्या अपघात तपास संस्थेने स्पष्ट लिहिलं की क्लॅपहॅमचे धडे पुसट होत चाललेत, आणि तो अहवाल आजही कोणीही वाचू शकतं. सिग्नलची दुरुस्ती करणाऱ्या खरगपूरच्या माणसालाही बांकरा नयाबाजबद्दल असंच वाचता यायला हवं होतं.

म्हणून पुढच्या वेळी कवच किती किलोमीटर बसलं हे जरूर विचारा. सोबत हेही विचारा, की काल रात्री जिथे वायरिंग बदललं, तिथे ते करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासलं का.