सख्खी बहीण, तरी का जुळली नाही?



गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका वस्तीतून आम्हाला तातडीचे बोलावणे आले. आम्हाला वाटले, रेशनकार्डाचे नाहीतर शाळेच्या दाखल्याचे काम असेल. जाऊन पाहतो तो घरात सगळे गप्प. सात वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. डॉक्टरांनी मज्जारोपण, म्हणजे बोन मॅरो बदलण्याचा उपाय सुचवला आणि अकरा वर्षांच्या बहिणीची एचएलए तपासणी केली. रिपोर्ट आला, अजिबात जुळत नाही. दोघांचा रक्तगट मात्र एकच.

आजी उंबऱ्यात बसून शेजारणींना ऐकू जाईल असे म्हणाली, "सख्ख्या भावाबहिणीचं काहीच जुळत नाही, म्हणजे आम्ही समजायचं काय?" सून आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

आम्ही कॉमर्सवाले, शास्त्राशी आमचा संबंध शाळेतच सुटला. पण ही गोष्ट हिशेबाची आहे. रिपोर्टच्या पाठीमागे आम्ही पेन्सिलीने चार चौकोन काढले.

आपल्या पेशींवर काही खुणा असतात. शरीरातले पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, या खुणा पाहून आपला कोण आणि परका कोण ते ओळखतात. पांढऱ्या पेशींवरची अशी पहिली खूण फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली शोधली आणि १९८० साली त्यांना नोबेल मिळाले. या खुणा ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकाला एक लागून असतात, म्हणून बहुधा एकगठ्ठा संच म्हणूनच मुलांकडे जातात. रक्तगटाचे खाते वेगळे. तो एक असला म्हणजे या खुणा जुळतात असे नाही, आणि तो वेगळा असला तरी मज्जारोपण होऊ शकते.

प्रत्येकाकडे दोन संच. वडिलांकडे क आणि ख, आईकडे ग आणि घ धरा. मुलाला दोघांकडून एकेकच मिळतो. म्हणजे कग, कघ, खग, खघ असे चारच प्रकार. मुलगा कग असेल तर बहीण कग असण्याची शक्यता चारात एक, अर्धे जुळण्याची चारात दोन, आणि ती खघ निघून काहीच न जुळण्याचीही चारात एकच! पूर्ण जुळणे जितके शक्य, तितकेच अजिबात न जुळणे शक्य. त्यात आईचा दोष कोठून आला? दोन भावंडे असती तर निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता १६ पैकी ७ झाली असती. येथे बहीण एकच.

भारतातले पहिले मज्जारोपण १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात झाले, तेही भावंडाच्याच मज्जेवर. आता मुलांसाठी महापालिकेचे केंद्र बोरिवली पूर्वेला आहे.

खुणांचे एवढे प्रकार तरी कशाला, असे मुलाच्या काकाने विचारले. आज ४०,०००हून अधिक प्रकारांची नोंद आहे. प्रत्येक खूण रोगजंतूचे वेगवेगळे तुकडे पकडून पहारेकऱ्यांना दाखवते. सगळ्यांच्या खुणा एकच असत्या तर एखादा जंतू सगळ्यांनाच चकवून गेला असता. साथीत वस्ती वाचते ती या विविधतेच्या जोरावरही.

पण याच विविधतेमुळे परका दाता सापडणे कठीण. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात दाखवले होते. पिढ्यान्‌पिढ्या लग्ने कुंपणात झाल्याने काही संच त्या त्या गटात जास्त आढळतात. म्हणून जात रक्तात असते, असे मात्र कोणी समजू नये. एकाच जातीत असंख्य संच असतात, आणि एकच खूण अनेक जातीधर्मांत सापडते. अर्थ एवढाच की आपल्या रुग्णाचा जोडीदार आपल्यासारख्या घरांत मिळण्याची शक्यता अधिक, आणि दात्यांच्या यादीत आपली नावे फार थोडी. विदर्भातल्या आपल्या नातेवाइकांत सिकलसेल किती आहे, हे सांगायला नको. तोही मज्जारोपणाने बरा होऊ शकतो.

नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बस. वय १८ पूर्ण हवे. हाड कापतात ही निव्वळ अफवा. पुढे कोणाशी जुळलेच तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन दंडातल्या रक्तातूनच पेशी वेगळ्या करतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतात, ती काही आठवड्यांत भरून येते.

चौकोन पाहून मुलाचा बाप म्हणाला, "म्हणजे माझं अर्धं जुळणारच?" होय, आईबापांचे अर्धे जुळतेच. नव्या औषधांमुळे हल्ली अर्ध्या जुळणीवरही रोपण करतात. त्यात धोका जास्त, निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. त्याने मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे ठरवले.

आजी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होती. मग म्हणाली, "मग हिचंही अर्धं आहेच की. हिलाही घेऊन जा."