हसवणाऱ्याचा ‘मी’

जॉन मुलेनी या अमेरिकन विनोदकाराचा ‘बेबी जे’ हा स्टँड-अप प्रयोग एप्रिल २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. हे त्याचे आजवरचे सर्वांत प्रामाणिक काम आहे, असे एका तटाचे म्हणणे. दुसऱ्याचा प्रश्न असा, की यात आमचा मुलेनी कुठे आहे? मला हा दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा वाटतो. त्यातल्या ‘आमचा’ या शब्दात लोभ आहेच, पण प्रथमपुरुषी निवेदनाविषयीची एक समजही दडलेली आहे, आणि ती आपल्या साहित्याच्या वर्गांतही सर्रास आढळते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ‘न्यू इन टाउन’ (२०१२), ‘द कमबॅक किड’ (२०१५) आणि ‘किड गॉर्जस’ (२०१८) या तीन प्रयोगांतून मुलेनीने एक माणूस घडवला होता: सूट घातलेला, वर्गातल्या हुशार मुलासारखा बोलणारा, जरासा भित्रा, बायकोचे कौतुक चारचौघांत सांगणारा. डिसेंबर २०२० मध्ये मित्रमंडळींनी एकत्र येऊन त्याला व्यसनमुक्ती केंद्रात जायला भाग पाडले. पुढच्याच वर्षी घटस्फोटाची बातमी आली, नवे नाते जुळले आणि वर्षअखेरीस मुलगा झाला. ‘बेबी जे’ यातल्या पहिल्या घटनेविषयी, म्हणजे कोकेन आणि डॉक्टरांकडून उकळलेल्या गोळ्यांविषयी आहे. बाकीच्या गोष्टींना तो जवळजवळ स्पर्शही करत नाही.

विनोद कमी झाला, ही तक्रार मला मान्य नाही. घड्याळाचा प्रसंग घ्या. आपल्याला रोख पैसे देऊ नयेत, असे मुलेनीने स्वतःच आपल्या हिशेबनिसाला बजावून ठेवले आहे. मग व्यसनासाठी रोकड कशी मिळवायची? तो कार्डावर १२ हजार डॉलरचे रोलेक्स घेतो आणि त्याच दिवशी ६ हजारांना विकून टाकतो. या प्रसंगाची बांधणी जुन्या मुलेनीच्या कोणत्याही किश्श्याइतकीच घट्ट आहे. फरक पडला आहे तो हसल्यानंतरच्या क्षणात. पूर्वी हसून झाले की प्रेक्षक मोकळा होत असे. इथे हसू ओसरल्यावर सहा हजारांचा हिशेब डोक्यात शिल्लक राहतो. ज्यांना त्या मोकळेपणाची सवय होती त्यांना चुकल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही.

मात्र ‘तो बदलला’ असे म्हणणाऱ्यांनी ‘न्यू इन टाउन’ पुन्हा पाहावा. त्यात एक डॉक्टरचा प्रसंग आहे. झॅनॅक्सच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून हा तरुण डॉक्टरकडे जातो आणि वारंवार लघवीला होते, अशी खोटी तक्रार करतो. डॉक्टर त्याचे खापर मानसिक ताणावर फोडून गोळ्या लिहून देईल, हा त्याचा बेत. डॉक्टर भलतीच, अत्यंत अवघडलेली तपासणी करतो आणि प्रेक्षागृह हास्यात बुडून जाते. मीही पोट धरून हसलो होतो. अकरा वर्षांनंतर ‘बेबी जे’मध्ये दुसरा डॉक्टर येतो. हा आपल्या राहत्या घरी रुग्ण तपासतो, मागाल त्या गोळ्या लिहून देतो आणि काही ना काही निमित्ताने अंगातला सदरा उतरवायला लावतो. प्रसंग जवळजवळ तोच आहे. गोळ्यांसाठी खोटे बोलणारा माणूस पहिल्यापासून आपल्यासमोर उभा होता, आणि दारू सोडल्याचेही त्याने त्याच प्रयोगात सांगितले होते. गोष्ट त्याने लपवली नव्हती. ती विनोदाच्या आवरणात आली म्हणून आपण गंभीरपणे घेतली नाही. वाचक म्हणून ही चूक आपली आहे, आणि ‘आधीचा खरा की आताचा खरा’ हा वादच तिच्यामुळे पोकळ ठरतो. दोन्ही ‘मी’ रचलेलेच आहेत. कबुली देणारा निवेदक हासुद्धा निवेदकच असतो, हे आत्मचरित्रे शिकवताना आपण मुलांना सांगतो आणि रंगमंचावर माणूस प्रत्यक्ष उभा राहिला की स्वतः विसरतो.

‘बेबी जे’ हे विसरू देत नाही, यातच मला त्याची गुणवत्ता दिसते. सुरुवातीलाच तो लहानपणीची एक आठवण सांगतो: ज्या मुलाचे आजी-आजोबा वारतात त्याला शाळेत विशेष वागणूक मिळते, म्हणून आपल्याकडेही कुणी तरी जावे, असे त्याला वाटत असे. व्यसनमुक्ती केंद्रात आपल्याला कुणी ओळखत नाही, याचे त्याला वाईट वाटते. मग स्वतःविषयीची बातमी छापून आलेले वर्तमानपत्र तो सगळ्यांच्या नजरेस पडेल असे ठेवून देतो. कबुली हीसुद्धा लक्ष वेधण्याचीच एक युक्ती असू शकते, हा संशय तो स्वतःच आपल्या हाती देतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. मुलेनी इथे हसवतो भरपूर, पण स्वतःला हसू देत नाही, असे मला दोनदा पाहिल्यावर जाणवले.

या वाटेने जाणारा तो पहिला नव्हे. १९८० मध्ये भाजून मरणाच्या दारातून परतलेल्या रिचर्ड प्रायरने ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’ (१९८२) मध्ये कोकेन ओढायच्या नळीलाच बोलते केले होते. हॅना गॅड्सबी यांनी ‘नॅनेट’ (२०१८) मध्ये याच्या उलट केले. विनोद ताण निर्माण करतो, मग तो सोडवतो, आणि या व्यवहारात अनुभवाचा शेवट कापला जातो, असे सांगून त्यांनी ताण सोडवायचेच नाकारले. तेव्हाही ‘हा विनोदच नव्हे’ अशी ओरड झाली होती. मुलेनी गॅड्सबींइतका पुढे जात नाही. तो विनोदावर विसंबून राहतो. काही जण याला भित्रेपणा म्हणतील, मी कारागिराची निष्ठा म्हणेन.

एक आक्षेप मात्र मी सहजासहजी बाजूला सारू शकत नाही. जुना ‘मी’ बऱ्याच अंशी त्या संसाराच्या गोष्टींवर उभा होता. आता त्याच ‘मी’ची चिरफाड करताना संसाराचा भाग वगळला, तर कलाकृतीत एक भोक राहते, आणि ते दिसते. लोकांना आपण आवडत राहणे हा एक तुरुंगच होता, असे तो म्हणतो. पण त्या तुरुंगाची एक भिंत त्या कौतुकाच्या गोष्टींनी बांधलेली होती, तिच्याकडे तो पाहत नाही. दुसऱ्या बाजूला एक जिवंत व्यक्ती आहे, आणि तिच्याविषयी आणखी एकदा हशा वसूल करणे किती शोभले असते? त्याची पूर्वीची पत्नी ॲना मरी टेंडलर यांचे आत्मकथन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातही मुलेनीचा नावानिशी उल्लेख नसल्याने अनेक वाचक हिरमुसले. एकाच गोष्टीचे तेच पान दोघांनीही फाडून ठेवले आहे. कलाकृती म्हणून मी याला उणीवच म्हणेन, आणि तरीही ते पान वाचायला मिळावे, असा हट्ट धरणे मला जमणार नाही.

प्रयोगाच्या अखेरीस मुलेनी एक छापील मुलाखत वाचून दाखवतो. ती त्याने ‘जीक्यू’ला दिली होती, केंद्रात दाखल होण्याच्या काही दिवस आधी, नशेत, आणि दिल्याचे त्याला आठवतही नाही. प्रश्न साधे आहेत, उत्तरे भरकटलेली. तो भाष्य फारसे करत नाही, वाचत राहतो. स्वतःचेच शब्द परक्या माणसाचे असावेत तसे उच्चारणारा हा विनोदकार पाहताना मला २०१२ मधला तो दवाखाना आठवत होता, आणि आपण किती मोठ्याने हसलो होतो तेही.