डब्यातला बोल्ट

शेतकऱ्याच्या घरात काही वाया जात नाही, याचा आपल्याला भारी अभिमान. फाटक्या लुगड्यांची वाकळ होते, शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो आणि गाडीचा काढलेला नटबोल्ट डालड्याच्या डब्यात जातो. आमच्या घरी असा डबा होता, तुमच्याही असेल. वाकळीला आणि कुस्कऱ्याला माझा नमस्कार. माझं भांडण आहे ते त्या डब्याशी.

आमच्या कराड भागात दहा-पंधरा वर्षं राबलेल्या पिकअप गल्लोगल्ली आहेत. हौद्यात आज खत, उद्या टोमॅटो, परवा भांगलणीच्या बाया. मालाच्या गाडीत माणसं भरू नयेत हा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पाळतं कोण हेही. लोक म्हणतात, "गंज कोकणात, आपल्याकडं कुठला समुद्र?" अहो, पोटॅश म्हणजे एक मीठच की! फाटक्या पोत्यातलं खत, शेणखताची ओल, भाजीवर मारलेलं पाणी, सगळं हौद्याच्या फटींतून खाली झिरपतं आणि चासीच्या बोल्टांवर बसतं. गंज लोखंडाला फुगवतो. नट जाम होतो, वरून बोल्ट जाडजूड दिसतो आणि आत मूळ पोलाद बारीक होत जातं.

मग एक दिवस पाना लावला की बोल्ट तुटतो आणि मालक डबा आणतो. "ह्यातला बसतोय का बघ. बसला की झालं!"

बसला की झालं, ह्या तीन शब्दांनी किती संसार मोडलेत! बोल्टाच्या डोक्यावर आकडे असतात, ते कधी वाचलेत का? ८.८ असेल तर तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोचा ताण सोसतो. ४.६ असेल तर ४० किलोचा, म्हणजे निम्मा. जाडी तीच, आटे तेच, डोकं तेच. आकडाच नसेल तर कशाचीच हमी नाही. फाटकाच्या कडीला तो चालेल. पाट्याला, स्टेअरिंगला, ब्रेकला नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची गोष्ट. पाट्याचे यू-बोल्ट खोललेले, तेच पुन्हा आवळले. एकाचे आटे गेले होते म्हणून वेल्डिंगचा टाका मारला. असा बोल्ट भट्टीत तापवून, विझवून कडक केलेला असतो. टाका मारला की तो कडकपणा तिथंच मरतो. महिन्याभरात टाक्याजवळच तुटला, ॲक्सल सरकला आणि बायांनी भरलेली गाडी उसात गेली. जीव वाचले. एकीचा हात मोडला आणि सुगीचा अख्खा रोजगार बुडाला. मालक म्हणाला, "नशीब!" नशीब कसलं? यू-बोल्टाच्या जोडीचे पैसे वाचवले होते, ते त्या बाईच्या हातातून वसूल झाले.

मेकॅनिकला शिव्या देणं सोपं असतं. पण नवीन बोल्ट सांगितला की "लुटतोस काय" म्हणणारे आपणच. गंजका नट काढायलाही वेळ द्यावा लागतो. आधी तारेच्या ब्रशनं घासायचा, गंज सोडवणारं तेल मारून रातभर ठेवायचा, सकाळी उलटा फिरवण्याआधी जरासा आवळून गंजाची पकड मोडायची. तरीही ऐकला नाही तर नट कापून काढायचा. डिझेलच्या टाकीजवळ, ब्रेकच्या नळीजवळ आग न्यायची नाही. आणि आपण तासात गाडी मागतो! मग तो छिन्नी-हातोडाच घेणार.

शहरातले शहाणे म्हणतात, असली खटारी भंगारात घाला. त्यांनाही सांगतो, गाडी जुनी असणं हा गुन्हा नाही. चासी धड असेल, बोल्ट धड असतील, तर जुनी पिकअप भरून कुंभार्ली घाट उतरते. आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस काढावा लागतो, तेव्हा आपण रंग मारतो, रिफ्लेक्टर चिकटवतो. खाली वाकून बोल्ट कोण बघतो?

तेव्हा खर्च करायचा तो इथं करा. यू-बोल्ट एकदा खोलला की नवा. नायलॉनचा नट, स्प्लिट पिन, दोन्ही नवे. मूळ बोल्टाचाच आकडा, तेच आटे. बारीक आट्याच्या बोल्टाला जाड आट्याचा नट दामटायचा नाही. भरलेली खेप मारून आली की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. चाकाच्या नटांना ग्रीस फासायचं नाही.

बैलाच्या मानेला खांदा आला तर आपले आजे त्याला जुंपत नव्हते. मुकं जनावर म्हणून कळवळा होता. बोल्टही मुकाच आहे, आणि त्याच्या भरवशावर हौद्यात बसलेली बाई भाडं, गाडी, बोल्ट यातलं काहीच ठरवत नाही. ते ठरवतो मालक. म्हणून तो डबा भंगारवाल्याला द्या. वजनावर घेतो तो. लोखंडाची किंमत येईल, माणसाची द्यावी लागणार नाही.