विश्लेषण : भिंत उभी राहिली, पण पुढे सरकताना फट पडली

खालिद जमील यांनी भारतीय फुटबॉल संघाला नवा बचाव शिकवला. ओमानविरुद्ध तो टिकला, सिंगापूरविरुद्ध मडगावात ढासळला. असं का झालं?

ढाक्यात १८ नोव्हेंबरला बांगलादेशनं भारताला १-० असं हरवलं. भारताला हरवायला त्यांना २२ वर्षं वाट बघावी लागली. तसं या सामन्यावर काही अवलंबून नव्हतं. २०२७ च्या आशिया चषकाचं दार भारतासाठी महिनाभर आधी मडगावातच बंद झालं होतं. पण एक प्रश्न मागे उरलाच. सप्टेंबरमध्ये जो बचाव ओमानसारख्या तगड्या संघाला पुरून उरला, तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिंगापूर आणि बांगलादेशपुढे कमी कसा पडला? खेळाडू तर बरेचसे तेच होते.

सोशल मीडियावर याचं उत्तर सोपं आहे. कुणी गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूला दोष देतंय, कुणी कोचला. पण फुटबॉलमधला बचाव एका माणसावर चालत नाही. तो साखळीसारखा असतो. एक कडी ओढली की बाकीच्यांना सरकावंच लागतं.

आधी काय होतं?

जमील यांच्याआधी स्पेनचे मानोलो मार्केझ कोच होते. गोलरक्षकापासून छोटे-छोटे पास देत चेंडू पुढे न्यायचा, बचावफळी वर ठेवायची, हा त्यांचा कल. क्लबमध्ये रोज सराव मिळतो तिथं ही पद्धत जमते. राष्ट्रीय संघात दोन-चार दिवस एकत्र येऊन ती अंगात भिनत नाही. मार्केझ यांच्या काळात भारत आठ सामने खेळला आणि एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. जूनमध्ये हाँगकाँगकडून शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हार झाली आणि जुलैमध्ये ते बाजूला झाले.

१ ऑगस्टला जमील यांची नेमणूक झाली. १३ वर्षांनी भारतीय संघाला पूर्णवेळ भारतीय कोच मिळाला. मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेला हा माणूस. कमी पैशांच्या ऐझॉल संघाला त्यांनी २०१७ मध्ये आय-लीग जिंकून दिली होती. हाताशी आहेत त्या खेळाडूंना झेपेल असा खेळ बसवायचा, हीच त्यांची ओळख.

माणसं बघून आखणी

जमील यांनी नेमकं तेच केलं. चार बॅक आणि त्यांच्यासमोर चार हाफ अशा दोन ओळी, आणि दोन्हींमध्ये अंतर कमी. समोरच्याला मधून वाट द्यायची नाही, बगलेकडे ढकलायचं. तिथून क्रॉस आला तर डोक्यानं बाहेर काढायचा. चेंडू मिळाला की स्वतःच्या डीजवळ पास खेळत बसायचं नाही, लांब मारायचा. फ्रीकिक, कॉर्नर आणि लांब थ्रो ही गोल करायची मुख्य हत्यारं.

ही आखणी उपलब्ध माणसांना साजेशी होती. संदेश झिंगन, अन्वर अली आणि मुंबईचा राहुल भेके हे हवेतल्या चेंडूवर ताकदवान. पण झिंगन तेव्हा ३२ वर्षांचा, भेके पस्तिशीला टेकलेला. पाठीमागं तीस-चाळीस मीटर मोकळी जागा ठेवून चपळ फॉरवर्डमागं पळायला लावलं, तर त्यांची दमछाक होणार. बचावफळी खाली आणली की ती मोकळी जागाच उरत नाही. म्हणजे खेळाडूंची उणीव झाकली जाते आणि ताकद वापरली जाते.

ताजिकिस्तानातल्या काफा नेशन्स कपमध्ये याची प्रचिती आली. यजमानांविरुद्ध पाचव्या मिनिटाला मोहम्मद उवैसचा लांब थ्रो डीत पडला आणि अन्वरनं गोल केला. तेराव्या मिनिटाला झिंगननं दुसरा केला. दोन्ही गोल स्टॉपरचे. पुढं गुरप्रीतनं पेनल्टी अडवली आणि भारतानं सामना २-१ असा राखला. इराणकडून ०-३ हार झाली, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली. तिसऱ्या क्रमांकासाठी जागतिक क्रमवारीत ७९ वा असलेला ओमान समोर होता, भारत १३३ वा. १-१ बरोबरीनंतर भारतानं पेनल्टी शूटआउटमध्ये बाजी मारली.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इराणविरुद्ध गालाचं हाड मोडल्यानं झिंगन अफगाणिस्तान आणि ओमानविरुद्ध खेळलाच नव्हता. तरीही त्या दोन सामन्यांत मिळून भारतावर एकच गोल झाला. त्यामुळे ‘झिंगन नसला की बचाव कोसळतो’ हे म्हणणं अर्धवटच आहे.

मडगावात गणित बदललं

९ ऑक्टोबरला सिंगापुरात झिंगनला सत्तेचाळिसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. भारत एका गोलनं मागं होता आणि उरलेला सामना दहा जणांत खेळायचा होता. तरी संघ मोडला नाही. नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी साधली. दहा जण खाली दाटीनं उभे राहिले की ही पद्धत किती चिवट आहे, हे तिथं दिसलं.

पाच दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मात्र मागणीच वेगळी होती. तोपर्यंतच्या तीन सामन्यांत भारताचे दोनच गुण होते. घरच्या मैदानावर जिंकावंच लागणार होतं. चौदाव्या मिनिटाला छांगतेनं गोल केला, पण चव्वेचाळिसाव्या आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला साँग उई-याँगनं दोन गोल मारून सामना पालटला.

दुसरा गोल झाला तेव्हा अर्धा तास बाकी होता. आता भारताला खाली बसून चालणार नव्हतं, हाफ पुढं जाणं भाग होतं. पण ही आखणी दोन ओळींतल्या कमी अंतरावर उभी आहे. हाफ पुढं गेले आणि बॅक जागेवरच राहिले, तर मध्ये रान मोकळं होतं. बॅकही पुढं सरकले, तर पाठीमागची जुनी उणीव उघडी पडते. ओमानविरुद्ध सामना हातातून जाऊ न देणं पुरेसं होतं. मडगावात जिंकायचं होतं. झिंगन निलंबित असणं हा फटका होताच, पण सामन्याची गरज आणि बसवलेला खेळ यांचा मेळ बसला नाही, हे मोठं कारण. ढाक्यातही तेच झालं. अकराव्या मिनिटाला मोरसालिननं गोल केला आणि उरलेला सगळा वेळ भारत पाठलाग करत राहिला.

आकडे काय सांगतात? पात्रता फेरीच्या पाच सामन्यांत भारतावर पाचच गोल झाले. तिन्ही पराभव एकेका गोलनं. पण भारतानं स्वतः केलेले गोल फक्त दोन. पुढची फळी गोल करत नसेल, तर मागच्यांना एकही चूक परवडत नाही. नव्वद मिनिटं बिनचूक खेळणारा बचाव जगात कुणाकडंच नाही.

सराव करायचा कुठं?

दाटीनं बचाव करणं लवकर शिकवता येतं. जमील यांनी ते ऑगस्टच्या जेमतेम दोन आठवड्यांच्या शिबिरात बसवलं, तेही मोहन बागाननं आपले खेळाडू सोडलेले नसताना. कधी पुढं सरकायचं, कुणी मागं थांबायचं, स्टॉपर वर गेला तर त्याची जागा कोण भरणार, हे मात्र शिबिरात येत नाही. ते दर आठवड्याच्या सामन्यातून अंगात मुरतं.

नेमके तेच सामने तेव्हा नव्हते. एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी आयएसएल नोव्हेंबर २०२५ सरत आला तरी सुरू झाली नव्हती. महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली आली नाही. गोव्यात सुपर कप चालू होता, पण काही आठवड्यांची स्पर्धा म्हणजे पूर्ण हंगाम नव्हे. झिंगन, भेके, गुरप्रीत यांची जागा घेणारी पोरं ज्या लीगमध्ये तयार व्हायची, तीच अडकून पडली होती. याचं नुकसान मार्चमधल्या एका सामन्यापुरतं राहणारं नव्हतं.

आपल्या मैदानांवर

कोल्हापूर जिल्ह्याला हे सगळं परकं नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना गर्दी लोटते, गडहिंग्लजला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर मोठ्या स्पर्धा रंगतात. पण तालुक्यातल्या शाळांच्या संघात स्टॉपरला कोण खेळतं? बहुतेक ठिकाणी जो उंच आणि दांडगा, त्याला मागं उभं करतात. जो चपळ, तो फॉरवर्ड. जिल्ह्याचं देशभर पोचलेलं नाव अनिकेत जाधव, तोही पुढच्या फळीतलाच. त्याच्यासारखं व्हावं असं पोरांना वाटणं साहजिक आहे.

मागं उभ्या केलेल्या पोराला ‘चेंडू आला की उडव’ एवढंच सांगितलं जातं. पास कधी द्यायचा, ओळ कधी वर न्यायची, शेजारच्याला हाक कशी द्यायची, हे कुणी शिकवत नाही. असा मुलगा पुढं मोठ्या संघात गेला, तरी त्याच्या कोचला त्याला खाली बसवूनच खेळवावं लागतं. राष्ट्रीय कोचपुढं आज जी अडचण आहे, तिची सुरुवात अशी चौदा वर्षांखालच्या संघातच होते. शाळेच्या क्रीडाशिक्षकानं आठवड्यातला एक तास फक्त मागच्या चौघांना दिला, तरी फरक पडेल. त्याला निधी लागत नाही.

त्यानंतरचा भारताचा पात्रता सामना ३१ मार्च २०२६ ला हाँगकाँगशी, घरच्या मैदानावर ठरलेला होता. त्यातून पात्रता मिळणार नव्हती. पण भारत आधी गोल करतो का, आणि केला तर त्यानंतर बचावफळी नेमकी कुठं उभी राहते, हे बघण्यासारखं होतं. डीच्या तोंडाशी गोळा झाली, तर संघ अजून ऑगस्टमध्येच आहे. दहा पावलं वर येऊन एकमेकांतलं अंतर राखून उभी राहिली, तर काहीतरी शिकून झालंय म्हणायचं.