सवलतीचा फोन आणि त्याचे कुलूप

मोठ्या सवलतीच्या दालनांत स्मार्टफोन विकला जाऊ लागला, तर ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते? आजचा धागा या प्रश्नाविषयी. थोडा लांबेल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

२८ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत वॉलमार्टने आयफोन थ्रीजीची विक्री सुरू केली. स्वस्ताईच्या जोरावर जगातील सर्वांत मोठा किरकोळ विक्रेता झालेली ही कंपनी. साहजिकच किंमत निम्म्यावर येणार अशा वावड्या आधीपासून उठल्या होत्या. प्रत्यक्षात फोन मिळाला १९७ डॉलरला. इतरत्र तोच १९९ डॉलरला मिळत होता. एवढा गाजावाजा होऊन कपात अवघ्या २ डॉलरची! कारण ती किंमत ठरवणे दुकानदाराच्या हाती नव्हतेच. एटी अँड टी या कंपनीशी दोन वर्षांचा करार केल्यावाचून त्या भावात फोन मिळत नसे, आणि फोनचे खरे मोल त्या कराराच्या मासिक बिलांतून वसूल होई.

आता तेथून थेट शिरड शहापूर. औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना लागणारे, मल्लिनाथाच्या अतिशय क्षेत्रामुळे जैन यात्रेकरूंना परिचित असलेले हे हिंगोली जिल्ह्यातील गाव. येथील ग्राहकाला वॉलमार्टशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे, पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात हाली सिक्का चाले, तर शेजारच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार रुपया. ढोबळमानाने ७ हाली रुपयांना ६ कलदार असा हिशेब. सीमेवर घेणे-देणे करणाऱ्याला सांगितलेला भाव आणि प्रत्यक्ष द्यावे लागणारे पैसे यांतला बट्टा मनाशी मोजूनच सौदा करावा लागे. दुसरी सवय आडतीची. पेरणीला उचल देणारा आडत्या दयाळू भासे. पण माल निघाला की तो त्याच्याच आडतीवर घालण्याची बांधिलकी त्या उचलीत आलेली असे. पैसे आधी मिळत, मात्र चार ठिकाणी भाव विचारण्याची मोकळीक जाई. तेव्हा सवलतीच्या पोटात अट असते, हे मराठवाड्याला कोणा अर्थशास्त्रज्ञाने शिकवण्याची गरज नाही.

भारतातील मोबाइलचा इतिहास या नजरेने पाहिला की त्याची संगती लागते. जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ योजना आणली : सुरुवातीला ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. ज्यांनी मोबाइल केवळ लांबून पाहिला होता, अशा लाखो घरांत तो त्यामुळे पोहोचला; हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तो सीडीएमए पद्धतीचा फोन होता. सिम काढून दुसऱ्या कंपनीचे घालण्याची त्यात सोयच नव्हती. कंपनी सोडायची म्हणजे फोनही सोडायचा आणि क्रमांकही. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली ती २० जानेवारी २०११ पासून. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने २००३ च्या ५०१ रुपयांपेक्षा २०११ ची ती तारीख मोठी. तिची जाहिरात मात्र त्या मानाने काहीच झाली नाही.

२०१७ साली तीच गोष्ट नव्या वेषात आली. त्या वर्षी जुलैत जाहीर झालेला जिओफोन ‘मोफत’ होता. १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. पुढे अटी उघड झाल्या, तेव्हा अनामत परत हवी तर दरवर्षी किमान १५०० रुपयांचा रिचार्ज आवश्यक असल्याचे कळले. शिवाय फोन चालणार त्याच कंपनीच्या जाळ्यावर.

या दोन टप्प्यांच्या मध्ये घडलेली घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटोरोलाने ‘मोटो जी’ भारतात आणला. किंमत १२,४९९ रुपयांपासून. गुणांच्या मानाने खरोखर वाजवी. पण तो केवळ फ्लिपकार्टवर मिळत होता. जुलैत शाओमीचा ‘एमआय ३’ आला, तोही तेथेच. नाव नोंदवा, ठरल्या वेळी पडद्यावर बोट ठेवून बसा. काही क्षणांत माल संपलेला. वसमत किंवा परभणीच्या दुकानदाराने तो फोन महाग विकला असे नव्हे. त्याला तो विकायला मिळालाच नाही. शिरड शहापूरसारख्या गावात सवलतीचे भव्य दालन कोणी बांधत नाही. ते कुरियरच्या पिशवीतून येते, आणि त्या वर्षी ते एकाच दाराने आले.

येथे दुकानदारांची बाजू घेणारे पुष्कळ लिखाण मी वाचले आहे. त्यातले निम्मे मला पटत नाही. आडगावच्या ग्राहकाला दुकानदार सांगेल ती किंमत मान्य करावी लागे, जुने मॉडेल नवे म्हणून गळ्यात पडे, पावती मागितली तर भाव वाढे. ऑनलाइन विक्रीने भाव उघडा केला. आज कोणीही पडद्यावर किंमत दाखवून घासाघीस करू शकतो. फोन एकही रुपयाने स्वस्त न मिळता झालेला हा लाभ आहे, आणि तो मोठा आहे. पण असे पडताळून पाहता येते ते तोच फोन दोन ठिकाणी मिळत असेल तेव्हाच. एकाच ठिकाणी मिळणाऱ्या वस्तूवरची ‘४० टक्के सूट’ कशाच्या तुलनेत मोजायची?

शासनाच्या हे उशिरा का होईना ध्यानात आले. २६ डिसेंबर २०१८ च्या केंद्रीय पत्रकाने परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना, कोणत्याही विक्रेत्यावर ‘फक्त आमच्याकडेच विका’ अशी सक्ती करण्यास मनाई केली. १ फेब्रुवारी २०१९ पासून ती लागू झाली. १३ जानेवारी २०२० रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. तक्रारीच्या केंद्रस्थानी स्मार्टफोनची हीच एकाधिकारी विक्री होती. आणि या मधल्या काळात, २०१८ मध्ये, फ्लिपकार्टची बहुसंख्य मालकी कोणी घेतली? वॉलमार्टने. आयफोनवर २ डॉलर सोडणारी कंपनी दहा वर्षांत आपल्या गल्लीपर्यंत आली होती.

बट्ट्याचे काय झाले? तोही आहेच. अमुक बँकेचे कार्ड असेल तर इतकी सूट, जुना फोन दिला तर तितकी, उरलेली रक्कम विनाव्याज हप्त्यांनी. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार अस्तित्वात नसतो. व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड दडवले जाते. ज्याच्यापाशी क्रेडिट कार्ड नाही, त्याच्यासाठी जाहिरातीतला भाव हा पलीकडच्या मुलखातल्या नाण्यातला भाव आहे.

म्हणून मोठ्या दालनातली विक्री महत्त्वाची की नाही, याचे माझे उत्तर : महत्त्वाची आहे, पण सूट किती याआधी कुलूप कोणते, हे पाहावे. दुसरे सिम चालते का? हाच फोन आणखी कोठे मिळतो का? बिघडला तर दाद कोठे मागायची? या शेवटच्या प्रश्नाला २० जुलै २०२० पासून चांगले उत्तर आहे. त्या दिवशी अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असो वा गुरुग्रामचा, शिरड शहापूरचा माणूस हिंगोलीच्या जिल्हा आयोगापुढे जाऊ शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही. पावती मात्र हवी.

फोन ही आता चैन उरलेली नाही, म्हणून हे सारे लिहावेसे वाटले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः, ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर करायची आहे, तीही ठरावीक मुदतीत. त्याच काळात, हप्ता थकला की फोन दुरूनच बंद करणारी सोय कर्जाऊ फोनांत बसवली जाऊ लागली. सोयाबीन उभे आहे, हळद उभी आहे, हाती पैसा यायला अवकाश आहे, आणि हप्त्याची तारीख उलटली आहे. अशा वेळी फोनला कुलूप पडले, तर सातबाऱ्यावर त्या हंगामाच्या पिकाची नोंद कोणत्या फोनवरून करायची?