दोष आईचा नव्हे!

ताथवड्यातल्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या आईला हमखास ऐकावे लागते, “तू कामाला जातेस, म्हणून पोर बोलत नाही.” माता-भगिनींनो, हा आरोप साफ खोटा आहे. स्वमग्नता आईच्या नोकरीने होत नाही.

दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर “बापही उशिराच बोलला” म्हणत थांबू नका. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात बालरोग विभागात विचारा. आधी कान तपासून घ्या. स्वमग्नता रक्ततपासणीत दिसत नाही. तज्ज्ञ मुलाचे वागणे पाहतात, आईबापांना विचारतात. भारतीय मोजपट्टीत असे ४० मुद्दे आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे प्रमाणपत्र मिळू शकते.

अतिचंचलता मात्र घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागते. म्हणून गुरुजी-बाईंचेही म्हणणे घ्यावे. मोठ्या माणसांचीही तपासणी होते. तेव्हा बालपण विचारतात, जुने प्रगतिपुस्तक कामी येते.

मुलाला चापट मारण्याआधी, सुनेला बोल लावण्याआधी एवढी तपासणी करा. उशिराची भरपाई पोरालाच करावी लागते.